इल्पो रासिलाची चार भोकं

हाउकिलाम्पी गावात इल्पो रासिलाच्या सहीशिवाय कुणाला कोंबड्यांचं खुराडंही बांधता येत नसे. एकोणीस वर्षं तो तिथल्या नगरपालिकेचा बांधकाम निरीक्षक होता. भिंतीतली ओल त्याला वासावरून कळायची, जिन्याची पायरी दोन मिलिमीटरने चुकली तर त्याच्या पायाला समजायचं, आणि त्याच्या गळ्यातलं ओल मोजायचं पिवळं यंत्र दिसलं की भलेभले सुतार हातातला कॉफीचा कप खाली ठेवून उभे राहायचे. अशा माणसाने मे महिन्यातल्या एका रविवारी, गावातल्या समस्त शिकाऱ्यांच्या देखत, पुठ्ठ्याच्या मूसवर चार गोळ्या झाडाव्यात आणि त्यातली एकच जागी लागावी, ही बातमी गावाने फार मनापासून ऐकली.

परीक्षा तशी सोपी. पंचाहत्तर मीटरवर पुठ्ठ्याचा मूस, म्हणजे थंड मुलखातलं ते घोड्याहून उंच हरीण, उभा असतो, त्याच्या छातीवर जेवणाच्या ताटलीएवढं, तेवीस सेंटिमीटरचं वर्तुळ. दीड मिनिटात चार गोळ्या, चारही भोकं वर्तुळात. एवढं करून दाखवलं की तीन वर्षांचं कार्ड मिळतं. कार्ड नसेल तर ऑक्टोबरात रायफल घेऊन मूसमागे जायचं नाही. कुत्री सांभाळायची, नाहीतर सूप ढवळायचं.

परीक्षक होत्या हेल्वीबाई. त्यांनी पस्तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलेलं. गावातल्या प्रत्येकाला लहानपणी त्यांनी मोजून चार मीटबॉल वाढलेले. पाचवा मागायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या निशाणापाशी गेल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि पार मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एक छातीत. एक मानेत. एक नाकापुढून. चौथी कुठे गेली ते त्या गोळीलाच ठाऊक."

"वारा होता," इल्पो म्हणाला.

हेल्वीबाईंनी कडेच्या बर्च झाडांकडे बघितलं. पान हलत नव्हतं. "नापास," त्या म्हणाल्या आणि वहीतून तसा कागद फाडून त्याच्या हातात दिला.

आता नापास काय, कुणीही होतं. पण यंदा प्रकरण निराळं होतं. इल्पोचे सासरे आर्मासबाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि त्यांनी शिकार सोडली होती. गेली एक्केचाळीस वर्षं मूसच्या मोसमात ते एकाच जागी बसत आले, दलदलीच्या कडेच्या मोठ्या खडकावर. तिथून दोन्ही पायवाटा दिसतात, पाठीला उत्तरेचा वारा लागत नाही, आणि जिल्ह्यातला प्रत्येक मूस आयुष्यात एकदा तरी त्या खडकापुढून जातो, अशी गावाची श्रद्धा आहे. हिवाळ्यात दवाखान्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना बाबांनी शिकारमंडळाच्या बैठकीत जाहीर केलं होतं, "खडक इल्पोला. कार्ड काढलं तर. नाहीतर राउनोला." आर्मासबाबा आठवड्याला साधारण बारा शब्द बोलत. त्या दिवशी त्यांनी अर्ध्याहून जास्त शब्द एकदम खर्च केले, म्हणजे बाब किती गंभीर होती बघा.

राउनो हा इल्पोचा शेजारी. निवृत्त बसचालक. त्याने मेमध्येच चार गोळ्या वर्तुळात घातल्या होत्या, त्याही तोंडात सॉसेज असताना.

दुसरी पंचाईत याहून नाजूक होती. इल्पोची रायफल म्हणजे आर्मासबाबांचीच रायफल. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळी नळी. पोलिसांकडचे सगळे कागद करून मार्च महिन्यात त्यांनी ती जावयाच्या हाती दिली होती आणि म्हणाले होते, "ही खोटं बोलत नाही." त्यामुळे दोष रायफलीत आहे असं इल्पोला म्हणता येईना. म्हणजे मग तो त्याच्यातच आहे, असं म्हणणं आलं. हे तर त्याला त्याहून म्हणता येईना.

"मग डोळे तपासून घे," त्याची बायको एइला म्हणाली. ती गावच्या ग्रंथालयात होती आणि प्रत्येक गोष्टीचं उत्तर कुठल्या ना कुठल्या कपाटात असतंच यावर तिचा विश्वास होता.

डोळे तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या मानाने गरुडासारखे आहेत." 'वयाच्या मानाने' हे दोन शब्द इल्पोला आठवडाभर टोचत राहिले.

मग राउनो कुंपणावर कोपरं टेकून सल्ले द्यायला लागला. खडक आपल्याला मिळावा म्हणून तो मुद्दाम वाकडे सल्ले देत असेल, असं कुणालाही वाटेल. इल्पोलाही वाटलं. पण राउनो तसा नव्हता. खडक मिळाला तर हवा होता, पण शेजाऱ्याला हरवून. शेजाऱ्याची रायफल हरल्यामुळे नव्हे.

"स्क्रू बघ. दुर्बिणीचे. ढिले असणार."

स्क्रू बघितले. घट्ट होते. इल्पोने ते आणखी घट्ट केले, एक मोडला, तो जिल्ह्याच्या गावाहून मागवावा लागला, आणि आला तेव्हा जुन्या मापाचा निघाला. शेवटी दुर्बीण बसवायची पट्टीच नवी आणली.

"काडतुसं बदल."

तीन प्रकारची आणली. तिन्ही एकमेकांशी स्पर्धा करत डावीकडे गेली.

"तू आवाजाला दचकतोस."

"मी?" इल्पो म्हणाला. "मी एकोणीस वर्षं कंत्राटदारांशी बोलतोय."

तरी राउनोने परीक्षा घेतलीच. चांदमारीच्या मैदानावर त्याने इल्पोला न दाखवता रिकामं काडतूस भरून दिलं. इल्पोने चाप ओढला, नुसतं टिक झालं, आणि रायफलीचं टोक तसूभरही हललं नाही. राउनो मान हलवत म्हणाला, "हात तर दगडासारखा आहे रे तुझा." इल्पोला महिन्याभरात प्रथमच बरं वाटलं. पण मग गोळ्या कोण चुकवतंय, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

जूनमधल्या परीक्षेच्या आधी राउनोने रामबाण उपाय सांगितला. "आदल्या दिवशी सौना. नेहमीसारखा तासभर नाही, चांगला तीन तास. अंग सैल, खांदा सैल, बोट सैल. मी स्वतः येतो सोबतीला."

राउनोला सोबतीला यावंच लागत होतं, कारण त्याचा स्वतःचा सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, बंद होता. आणि तो बंद केला होता इल्पोने. गेल्या वर्षी राउनोने सौनाच्या भिंतीवर मूसची शिंगं टांगली. शिंगं जड म्हणून चार लांब स्क्रू मारले. ते स्क्रू भिंतीतला ओल अडवणारा थर फोडून आरपार गेले. इल्पोने पिवळं यंत्र लावलं, ते किंचाळलं, आणि त्याने पूर्ण भिंत उतरवायचा हुकूम काढला. "चार भोकांसाठी?" राउनो तेव्हा रडकुंडीला आला होता. "राउनो," इल्पो म्हणाला होता, "ओलीला एक पुरतं." राउनोने भिंत उतरवली, नवी बांधली, फेब्रुवारीत पुन्हा तपासणीसाठी अर्ज केला. अर्ज रांगेत होता. इल्पोच्या मनात काही वाईट नव्हतं. रायफलीमुळे त्याला वेळ होत नव्हता, एवढंच.

तर जूनच्या त्या शनिवारी तिघंही सौनात बसले: इल्पो, राउनो आणि दर शनिवारी बसने येणारे आर्मासबाबा. तीन तास तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, बर्चच्या डहाळ्यांनी पाठी बडवल्या, तळ्यात उड्या मारल्या, पुन्हा आत आले. सौनाबाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. त्यात इल्पो रायफल कुलपात ठेवायचा, आणि त्याच्या दारावर तिघांचे ओले टॉवेल टांगलेले. रविवारी इल्पो मैदानावर गेला तो इतका सैल होऊन, की हेल्वीबाईंनी विचारलं, "तुला झोप येतेय का?"

चारही डावीकडे. नापास.

आता गंमत अशी, की गुरुवारी सरावाला गेलं की हीच रायफल चारही गोळ्या ताटलीत वाढायची. दर गुरुवारी. आणि दर रविवारी ती मूसला सोडून झाडांवर राग काढायची. इल्पो शिस्तीचा माणूस. त्याने तक्ता केला. तारीख, तापमान, वाऱ्याची दिशा, काडतुसाचा प्रकार, किती कप कॉफी, कुठले मोजे: एकोणीस रकाने. त्या तक्त्यात सगळं होतं. सौना तेवढा नव्हता. पण दर शनिवारी जे होतंच, ते कोण लिहून ठेवतं? 'आज श्वास घेतला' असं कुणी नोंदवतं का?

तक्त्यावर दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर त्याला उत्तर सापडलं. गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं.

"काय?" एइला म्हणाली.

"गुरुवारी आपण वाटाण्याचं सूप खातो. गुरुवारी गोळ्या लागतात. रविवारी खात नाही. नाही लागत."

"इल्पो, सगळा देश गुरुवारी वाटाण्याचं सूप खातो."

"आणि सगळ्या देशाच्या गोळ्या गुरुवारी लागतात की नाही, याची नोंद कुणाकडे आहे?"

ती नोंद ग्रंथालयातही नव्हती. एइलाने ऑगस्टमधल्या परीक्षेच्या सकाळी सात वाजता सूप करून दिलं. शनिवारी तीन तास सौना झालाच होता. रविवारी वर दोन वाट्या सूप. त्याचा परिणाम नेमबाजीवर झाला नाही, पण शेजारच्या आडोशात झोपून नेम धरणाऱ्या दोघांनी जागा बदलून मागितली. गोळ्या डावीकडे गेल्या. तिसरा नापासाचा कागद हातात देताना हेल्वीबाईंचाही आवाज जरा मऊ झाला. "शेवटची परीक्षा सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी," त्या म्हणाल्या. "आणि सूप तसंही कुणी उत्तम करतं, तर कुणी गोळ्या मारतं. त्यात कमीपणा नाही."

म्हणजे गावाने त्याला पातेल्यापाशी नेमून टाकलं होतं. त्या दिवशी घरी जाताना इल्पो मोठ्या खडकाच्या रस्त्याने गेला. खडकावर चढून बसला. दोन्ही वाटा दिसत होत्या. त्याला मूसचं एवढं नव्हतंच. पंचवीस वर्षांपूर्वी एइलाला मागणी घालायला तो गेला, तेव्हा आर्मासबाबा त्याला याच खडकावर घेऊन आले होते आणि चार तास एक शब्द बोलले नव्हते. शेवटी उठताना म्हणाले होते, "बरं." इल्पोला तो 'बरं' अजून पाठ होता. आणखी एकदा तसा ऐकायला मिळावा, एवढीच त्याची इच्छा होती. ते लक्षात येऊन त्याला तिथेच गहिवरून आलं, आणि मग कुणी बघितलं तर काय, म्हणून तो उठून घरी आला.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सौना झाल्यावर तिघं टॉवेल गुंडाळून कपड्यांच्या खोलीत बसले होते. इल्पोने कपाटातून रायफल काढून फडक्याने पुसायला घेतली. बाबा बराच वेळ बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला.

"कागद."

इल्पोला काही कळेना. जवळ कागद एकच होता, ऑगस्टचा नापासाचा. तो त्याने दिला. बाबांनी तो दुमडला, नळी आणि तिच्याखालच्या लाकडाच्या मधल्या फटीत सरकवला आणि मागे ओढत न्यायला लागले. बोटभर गेला आणि अडला. दुसऱ्या बाजूने ढकलला. तिथेही अडला. त्यांनी रायफल मांडीवर ठेवली.

"मार्चमध्ये जात होता."

"म्हणजे?" राउनोने विचारलं.

"लाकूड फुगलंय. नळीला ढकलतंय."

इल्पो ताडकन उठला. टॉवेल सावरायला पुन्हा बसला. "शक्य नाही. लाकूड ओलीशिवाय फुगत नाही, आणि ओल या घरात नाही. हे घर मी बांधलंय, बाबा. या भिंतीतला ओल अडवणारा थर मी माझ्या हाताने लावलाय."

"मग यंत्र आण की," राउनो म्हणाला. तो हे फार गोड आवाजात म्हणाला.

यंत्र आलं. इल्पोने त्याच्या दोन सुया दस्त्याला टेकवल्या. यंत्राने एक बारीक चीं केलं. कपाटाच्या आतल्या बाजूला नेलं. जरा मोठ्यांदा चीं. मग त्याने हात लांबवून कपाटामागच्या, सौनाकडच्या भिंतीला सुया लावल्या, आणि यंत्र असं किंचाळलं की एइला स्वयंपाकघरातून पळत आली.

"काय झालं? कोण पडलं?"

कुणी पडलं नव्हतं. इल्पो उभा होता, पण रंग उडालेला.

मग एक-एक करून आठवत गेलं. मार्चमध्ये रायफल घरी आली. कपाट निजायच्या खोलीत एइलाने येऊ दिलं नाही, बैठकीत शोभलं नसतं, तेव्हा ते इथे आलं. चोरांनी उचलून नेऊ नये म्हणून भिंतीला पक्कं ठोकायला हवं होतं. ते इल्पोने स्वतः ठोकलं. चार बोल्ट, बारा सेंटिमीटर लांब.

तिघांनी मिळून कपाट सोडवून बाजूला केलं. मागची लाकडी फळी काळी पडली होती, आणि तीत चार भोकं होती, गोल, नीटनेटकी, प्रत्येकाच्या कडेने ओलीचा एकेक काळपट डाग. शनिवारची सगळी वाफ त्या भोकांतून कपाटात येत होती. आठवडाभरात लाकूड सुकायचं, गुरुवारपर्यंत रायफल शहाणी व्हायची, आणि शनिवारी पुन्हा तीन तास.

राउनो खाली बसला, भोकांकडे बघितलं, वर इल्पोकडे बघितलं. एका वर्षाची वाट बघून मिळालेलं सुख त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. तरी त्याने जीभ आवरली, हे त्याचं मोठेपण.

आर्मासबाबा मात्र पुढे झाले. त्यांनी पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एका भोकापासून समोरच्या भोकापर्यंतचं अंतर मोजलं. जरा विचार केला.

"बावीस," ते म्हणाले. "पास."

पहिली हसली एइला. मग राउनो हसत हसत आडवाच झाला आणि त्याला उठवता उठवता इल्पोलाही राहवेना; तोही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी स्वतःच्या हाताने बाटलीतली सगळी बियर चार पेल्यांत वाटली.

आता प्रश्न लाकूड सुकवायचा होता, आणि तेही हळू, कारण भराभर सुकवलं तर वाकडं होतं. रायफल उघडून लोखंडी भाग कपाटात कुलपात गेला. कपाट गेलं निजायच्या खोलीत. ("तुझ्या बाजूला," एइला म्हणाली.) उरला नुसता दस्ता. बारा महिने एकसारखी, कोरडी हवा असलेली जागा गावात एकच होती: ग्रंथालयाच्या तळघरातला जुन्या कागदपत्रांचा विभाग. त्याची किल्ली एइलाकडे होती.

पण एइला इल्पोचीच बायको होती. नियमाने तिथे नोंद नसलेली वस्तू ठेवता येत नाही. तिने नोंद केली: 'दस्ता, अक्रोड, नग एक, हाउकिलाम्पीच्या शिकारी जीवनाशी संबंधित.' दहा दिवसांनी, परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी, दस्ता खडखडीत वाळला. कागद सरसर गेला. इल्पो तो काखेत मारून निघणार, तर एइला आडवी आली.

"असा नाही नेता यायचा. नोंदलेली वस्तू बाहेर काढायला सांस्कृतिक समितीचा ठराव लागतो."

"समिती कधी बसते?"

"नोव्हेंबरात."

"एइला, परवा परीक्षा आहे."

"ते मला माहीत आहे. नियम मी केलेला नाही."

"अगं, मी तुझा नवरा आहे!"

"नवऱ्यासाठी वेगळा अर्ज नाही," ती म्हणाली. हे वाक्य इल्पोच्या ओळखीचं होतं. ते तो स्वतः लोकांना एकोणीस वर्षं ऐकवत आला होता. ऐकून घ्यायला कसं वाटतं ते त्याला तेव्हा कळलं. तो पायरीवर बसला. एइलाने त्याचा चेहरा बघितला, खाली वाकून नियमांचं पुस्तक पुन्हा उघडलं आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "थांब. बाहेर काढता येत नाही. पण वाचकाला घरी नेता येते. तुझं वाचनालयाचं कार्ड कुठाय?"

अशा रीतीने इल्पो रासिला दोन आठवड्यांच्या मुदतीवर घेतलेला दस्ता लावून मूसच्या परीक्षेला उभा राहिला. शनिवारी त्याने सौना घेतला नाही. लहानपणी गोवर आला होता, त्यानंतर हे पहिल्यांदाच.

मैदानावर अर्धं गाव होतं. इल्पोने श्वास सोडला. पहिली गोळी. दुसरी. तिसरी. चौथीच्या वेळी पाठीमागे आर्मासबाबा उभे आहेत हे त्याला एकदम आठवलं, आणि रिकाम्या काडतुसाला न हललेला तो हात एवढासा हलला.

हेल्वीबाई निशाणापाशी गेल्या. तीन बोटं वर केली. मग खिशातून भिंग काढलं. मग चष्मा बदलला. मग परत येऊन थर्मासमधून कॉफी ओतून घेतली आणि ती पीत पीत पुन्हा गेल्या.

"तीन आत," त्या म्हणाल्या. "चौथी रेषेवर. रेषेला शिवलंय." त्या थांबल्या. त्यांच्या आयुष्यात कुणाला जास्तीचा मीटबॉल गेला नव्हता आणि आजही जाणार नव्हता. "नियमाप्रमाणे रेषेला शिवलं म्हणजे आत. पास!"

टोप्या उडाल्या. कॉफी आणि वेलचीचे गोड पाव फिरायला लागले. कुणीतरी ओरडून विचारलं, "काय रे इल्पो, एवढे दिवस बिघडलं काय होतं?"

राउनोने पावाचा घास तोंडात तसाच धरला. तो काही बोलणार नाही, हे इल्पोला कळलं. बाबा बोलायचा प्रश्नच नव्हता. रायफल जुनी होती, एवढं म्हणून सुटता आलं असतं. इल्पोने रायफलीकडे बघितलं.

"रायफल ठीक होती," तो म्हणाला. "माझ्या सौनाच्या भिंतीला मीच चार भोकं पाडली. ओल अडवणाऱ्या थरातून, आरपार."

मैदानावर जो हशा झाला, तो ऐकून पुठ्ठ्याचा मूससुद्धा पळाला असता. गावातल्या प्रत्येक घराची एक ना एक भिंत इल्पोने कधीतरी उतरवायला लावली होती. आज सगळ्यांची एकदम भरपाई झाली. आश्चर्य म्हणजे इल्पोला ते लागलं नाही. लोक येऊन त्याच्या पाठीवर थापा मारत होते, आणि एकोणीस वर्षांत त्याच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता.

सोमवारी त्याने कचेरीत जाऊन नेहमीच्या नमुन्यात नोटीस काढली: 'मालक इल्पो रासिला यांनी सौनाची भिंत पूर्ण उतरवावी.' खाली सही केली, पाकिटात घातली, आणि पोचपावतीवरही सही केली. मुदत वाढवून मिळण्याचा अर्ज त्याच्या मनात आला होता, पण तो मंजूर होणार नाही याची त्याला खात्री होती.

पुढल्या शनिवारी भिंत नव्हती, म्हणून सौनाही नव्हता. टॉवेल खांद्यावर टाकून इल्पो आणि आर्मासबाबा राउनोच्या दारात गेले.

"या, या," राउनो म्हणाला. "पण माझा सौना तापवायला परवानगी नाही हां. अर्ज रांगेत आहे. फेब्रुवारीपासून."

इल्पो खजील झाला. पिवळं यंत्र गळ्यातच होतं. त्याने राउनोची नवी भिंत वरून खालपर्यंत तपासली, कोपरे तपासले, शिंगं जिथे होती ती जागा तपासली. यंत्र हूं की चूं करेना. त्याने आयुष्यात इतकी कोरडी भिंत बघितली नव्हती. तिथेच बाकावर बसून त्याने कागदावर सही केली.

"बरं झालं," राउनो कागद घडी करत म्हणाला. "आता मी पण माझा अर्ज मागे घेतो."

"कसला अर्ज?"

"तुझा दस्ता शुक्रवारी परत करायचा आहे ना ग्रंथालयात? शिकारीच्या आठ दिवस आधी. मुदत वाढवायला गेला असतास तर मिळाली नसती. पुढचा नंबर माझा लागलाय."

"तू दस्ता मागून ठेवलास? कशाला?"

"वाचायला," राउनो म्हणाला आणि लाकडं पेटवायला गेला.

दगड तापले. तिघं वरच्या फळीवर बसले. पहिली पळी पाणी पडलं आणि वाफ आली. बऱ्याच वेळाने आर्मासबाबा उठले, बाहेर जाऊन आपल्या पिशवीतून काहीतरी घेऊन आले आणि इल्पोच्या मांडीवर ठेवलं. ते त्यांचं बसायचं आसन होतं, खडकावरचं, एक्केचाळीस वर्षांचं. मधोमध खोलगट झालेलं, एका कडेला एइलाने लहानपणी लाल दोऱ्याने शिवलेलं.

इल्पो त्याच्याकडे बघत राहिला. बाबांनी आणखी एक पळी पाणी दगडांवर टाकलं.

"बरं," ते म्हणाले. मग आसनाकडे बोट केलं. "कोरडं ठेव."

इल्पोने आसन छातीशी धरलं आणि जो उठला तो वाफेतून बाहेर, अंगणातून, कुंपणावरून, टॉवेल सुटला तरी न थांबता, थेट स्वतःच्या निजायच्या खोलीत. एइला पलंगावर पुस्तक वाचत होती. तिने मान वर केली, नवऱ्याला बघितलं, त्याच्या हातातलं आसन बघितलं, आणि उशीखालची कपाटाची किल्ली काढून त्याला दिली.